शेवटच्या तुकडीची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्यात दहावीचा निकाल जाहीर झाला की शाळांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फलक लागतात, त्यांवर शंभर टक्के निकालाची ग्वाही आणि पहिल्या पाच विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकतात. आणि ज्या कुटुंबातील मूल नुकतेच जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन आठवीसाठी माध्यमिक शाळेच्या शोधात असते, ते कुटुंब बहुधा त्या फलकापाशीच आपला निर्णय करून मोकळे होते. हा निर्णय अविचाराचा असतो असे मला म्हणावयाचे नाही. दिवसाचा रोजगार बुडवून दाखल्याच्या खटपटीला आलेल्या पालकाच्या हाती शाळेने किंवा सरकारने पारखीचे दुसरे कोणतेही साधन दिलेले नसते, आणि जे दिलेले असते त्यावर विसंबणे त्याला भागच असते. परंतु हे साधन निदान कोकणात तरी निरुपयोगी होऊन बसले आहे, आणि त्याच्या जागी दुसरे कोणते घ्यावे याचा विचार ज्या गांभीर्याने व्हावयास हवा तसा होत नाही.

कोकण विभागीय मंडळाच्या कक्षेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात, आणि माध्यमिक शालान्त परीक्षेत हा छोटा विभाग वर्षानुवर्षे राज्यात अग्रस्थानी असतो. २०२३ साली राज्याचा निकाल ९३.८३ टक्के असताना कोकणाचा ९८.११ टक्के होता. २०२४ साली हे आकडे ९५.८१ आणि ९९.०१ होते, तर २०२५ साली ९४.१० आणि ९८.८२. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जेथे परीक्षेस बसलेल्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव उत्तीर्ण होतात, तेथे अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के लागला या विधानातून ती शाळा चारचौघींसारखी आहे एवढाच बोध होतो. जे माप सर्वांना सारखेच लागू पडते ते निवडीच्या कामाचे नसते.

त्यातही हे माप किती लवचिक आहे याचा अनुभव फार जुना नाही. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेने द्यावयाचे वीस अंतर्गत गुण वगळण्यात आले, नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी परीक्षेस आला, आणि राज्याचा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला, कोकणही ८८.३८ टक्क्यांवर आला. पुढील वर्षी अंतर्गत गुण पूर्ववत झाले आणि आकडे अनुक्रमे ९५.३० आणि ९८.७७ टक्क्यांवर गेले. एका वर्षात कोकणातले शिक्षक आळशी झाले आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा उद्योगी झाले असे कोणी म्हणणार नाही. शिक्षक तेच होते, मुलेही त्याच वाड्यांतली होती. पालटला तो मंडळाचा नियम. यास्तव निकालाच्या टक्केवारीत शाळेचे कर्तृत्व किती आणि गुणदानाच्या पद्धतीचे किती, याचा निवाडा फलक वाचून करता येत नाही.

टक्केवारीला आणखी एक अंग असते, ते म्हणजे तिचा छेद. परीक्षेस किती बसले यावरून उत्तीर्णांचे प्रमाण काढले जाते; किती बसावयास हवे होते, हे त्या गणितात कोठेच येत नाही. आठवीत साठ मुले दाखल झाली आणि दहावीच्या परीक्षेस पन्नास बसून ती सर्व उत्तीर्ण झाली, तर फलकावर शंभर टक्के लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. उरलेली दहा मुले कोठे गेली? काहींची कुटुंबे मुंबईला स्थलांतरित झाली असतील, आणि त्याबद्दल शाळेस जबाबदार धरता येणार नाही. पण काही नववीत मागे ठेवली गेली असतील, काहींनी कंटाळून शाळा सोडली असेल, आणि काहींच्या पालकांना ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असा सल्ला मिळाला असेल. सतरा नंबरचा अर्ज खाजगीरीत्या परीक्षेस बसू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले अशा अनेक स्त्री-पुरुषांना त्याने मोठाच आधार दिला आहे. मात्र नियमित विद्यार्थ्याला निकालाच्या भयाने त्या वाटेवर ढकलणारी शाळा आपली टक्केवारी त्या मुलाच्या खर्चाने राखीत असते.

गुणांवरून शाळेची योग्यता ठरविण्याचा हा मोह आपल्या काळाने शोधून काढलेला नाही. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व हिंदुस्थानात आणले. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी जखडले, आणि मुंबई इलाख्यातही ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत पुढे बराच काळ चालली. तिचा परिणाम असा झाला की इन्स्पेक्टर जे विचारील तेवढेच शिकवावे, आणि ज्या मुलापासून अनुदानाची आशा नाही त्याच्याकडे वेळ दवडू नये, ही वृत्ती शाळांत रुजली. स्वतः शाळा-तपासनीस असलेला कवी मॅथ्यू आर्नल्ड इंग्लंडात या पद्धतीवर सातत्याने टीका करीत राहिला, आणि अखेरीस लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात येथेही ती त्याज्य ठरविली. सरकारने जी सोडली तीच पद्धत आता पालकांनी स्वीकारली आहे; फरक इतकाच, की त्या काळी निकालाच्या मोबदल्यात अनुदान मिळे, आज पट मिळतो.

पटाचे महत्त्व कळण्यासाठी अनुदानित शाळा ही काय वस्तू आहे हे समजून घेतले पाहिजे. तिची इमारत बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेची असते, शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, आणि नियम शिक्षण खात्याचे असतात. शिक्षकांची किती पदे मंजूर व्हावयाची हे पटसंख्येवरून ‘संच मान्यते’त ठरते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जेथे वाडीतला तरुण मुंबईस जातो आणि पुढे बिऱ्हाडही तिकडेच नेतो, पट घसरला की पद जाते, पद गेले की एकाच शिक्षकाच्या गळ्यात दोन-तीन विषय पडतात, आणि ते पाहून सावध पालक आपले मूल तालुक्याच्या शाळेत हलवितो, म्हणजे पट आणखी घसरतो. या चक्रात सापडलेल्या शाळेने फलकांचा आश्रय घेतला तर त्यात केवळ दांभिकता नसते. ती तिच्या अस्तित्वाची धडपडही असते. शाळेची पारख करणाऱ्याने ही बाजू विसरता कामा नये.

मग पारख कशाने करावी? इमारतीचा रंग आणि संगणक-कक्षाचे कुलूप यांपेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतील. मंजूर पदांपैकी किती रिक्त आहेत, आणि गणित, विज्ञान व इंग्रजी हे विषय त्या त्या विषयाचा पदवीधर शिकवितो, की तासिका तत्त्वावर कोणी येऊन जातो, हा पहिला प्रश्न. जुलैच्या हजेरीपटावर काय दिसते हा दुसरा. कारण ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मुलांना पऱ्ह्या ओलांडून एस.टी. गाठावी लागते, तेथे पावसाळ्यातील गैरहजेरीची शाळा कोणती व्यवस्था लावते, सुटलेले पाठ पुन्हा घेते की पुढे रेटते, यावर मुलाचे सबंध वर्ष अवलंबून असते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, पण शाळा सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांचा मेळ मुख्याध्यापकांनी आगारप्रमुखांशी बोलून घातला आहे का, हे विचारल्याखेरीज त्या पासाची किंमत समजत नाही. आठवीतील गरीब घरच्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल बारा हजार रुपये मिळतात, आणि ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. त्या परीक्षेस शाळा किती मुले बसविते, आणि त्यांच्यासाठी तास संपल्यावर कोणी थांबते का, यावरून शिक्षकवर्गाच्या वृत्तीचा अंदाज येतो.

परंतु माझ्या मते निर्णायक प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुकड्यांचा आहे. आपल्या बहुतेक मोठ्या शाळांत आज ‘अ’ तुकडी सेमी इंग्रजीची असते. प्रवेशाच्या वेळी गुण पाहून, आणि कित्येकदा गुणांमागील घर पाहून, मुले तीत निवडली जातात, उरलेली ‘ब’ आणि ‘क’ मध्ये जातात. अनुभवी शिक्षक, प्रयोगशाळेचे तास, स्पर्धांची नावनिवड हे सारे हळूहळू ‘अ’कडे ओढले जाते. याची फिर्याद कोणी करीत नाही, कारण ज्यांचा आवाज शाळेत पोहोचतो त्यांची मुले ‘अ’ तुकडीतच असतात. म्हणून शाळा पाहावयास जाणाऱ्या पालकाने विचारावे, की शाळेतील सर्वांत चांगले गणित शिकविणारे शिक्षक ‘क’ तुकडीवर जातात का? शक्य असल्यास त्या तुकडीतील एखाद्या मुलाची वही मागून पाहावी. तीत नुसत्या सह्या आहेत की चूक दाखवून ती दुरुस्त करून घेतलेली आहे, हे पाच मिनिटांत कळते.

कोण कोठे बसतो हा प्रश्न या जिल्ह्याला नवीन नाही. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या भीमराव आंबेडकरांना शाळेत इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांस खुल्या केल्या. तथापि ठरावाने दार उघडले तरी बसण्याची जागा ठरावाने बदलत नाही, आणि रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना शाळांतून मुले सरमिसळ बसविण्यासाठी पुढे स्वतंत्र चळवळ करावी लागली. त्या काळच्या जन्मजात विषमतेची आणि आजच्या तुकड्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल, आणि तसा माझा हेतू नाही. परंतु त्या इतिहासातून एक कसोटी मात्र या जिल्ह्याच्या हाती आलेली आहे: शाळेची परीक्षा तिच्या प्रवेशपुस्तकावर होत नाही, वर्गाच्या आत होते, आणि आत होते ती शेवटच्या बाकावर होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारार्ह आहे. पालक म्हणेल, की मी माझ्या मुलासाठी शाळा शोधतो आहे, समाजसुधारणेसाठी नव्हे; माझे मूल हुशार आहे, ‘अ’ तुकडीत जाईल, मग ‘क’ तुकडीची चौकशी मी कशासाठी करावी? याचे एक उत्तर हिशेबाचे आहे. हुशार आणि सुस्थितीतील मुलाच्या यशात शाळेचा वाटा किती, खाजगी शिकवणीचा किती आणि घरच्या पुस्तकांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. ज्या मुलामागे शिकवणी नाही आणि घरी विचारावयास कोणी नाही, त्याला जे येते ते निर्भेळपणे शाळेचे असते. तेव्हा शिकविणे म्हणून शाळा काय करू शकते हे पाहावयाचे असेल तर ते ‘क’ तुकडीतच दिसणार. दुसरे उत्तर असे, की तेरा वर्षांचे मूल पुढील तीन वर्षे कसे राहील याची हमी कोणताही बाप देऊ शकत नाही. आजारपण येते, घरावर संकट येते, एखादा विषय एकाएकी अवघड होऊन बसतो. घसरलेल्या मुलाला हात देण्याची ज्या शाळेला सवय नाही, ती आपल्या मुलाच्या वेळी ती सवय कोठून आणणार?

आणि बाह्य लक्षणांवरून मुलाविषयी मत बनविणे किती फसवे असते, याचे उदाहरणही याच मातीतले आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे सार्वजनिक परीक्षेसाठी भर पावसात शंभरावर मैल चालून साताऱ्यास गेले, आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून परीक्षा समितीने त्यांना परत पाठविले. पुढे कोल्हापूर केंद्रातून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. समितीपुढे उभ्या असलेल्या त्या किरकोळ अंगलटीच्या मुलात महर्षी दडलेला आहे, हे ओळखण्याची अपेक्षा कोणी केली नसती. त्याला उत्तरपत्रिका लिहू देणे एवढेच तिचे काम होते. आठवीच्या प्रवेशाच्या वेळीच मुलाची तुकडी आणि तिच्याबरोबर त्याचे भवितव्य ठरवून टाकणाऱ्या आजच्या शाळेकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.

पण ही सर्व चौकशी एकेकट्या पालकाने करावी असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मिरकरवाड्यातील खलाशाला किंवा संगमेश्वराच्या डोंगरातील शेतकऱ्याला मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे बसून संच मान्यतेचा कागद मागता येणार नाही, आणि मागितला तर तो मिळेलच असेही नाही. माहिती मात्र सरकारदप्तरी आहे; प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक आहे, आणि पट, शिक्षक व सोयी यांची नोंद त्याखाली दरवर्षी होते. म्हणून माझी मागणी माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि संस्थाचालकांकडे आहे: दर मे महिन्यात प्रत्येक अनुदानित शाळेच्या फाटकावर, अभिनंदनाच्या फलकाशेजारी, दुसरा एक फलक लागावा. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती, त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेस बसली, किती मुलांनी सतरा नंबरचा अर्ज भरला, शिक्षकांची किती पदे रिक्त आहेत, आणि शेवटच्या तुकडीस गणित, विज्ञान व इंग्रजी कोण शिकविते, एवढे पाच तपशील त्यावर मराठीत आणि, जेथे शाळा उर्दू माध्यमाची असेल तेथे, उर्दूत लिहिलेले असावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. आणि तो फलक लागेपर्यंत, ज्या पालकांना विचारणे शक्य आहे त्यांनी हे पाच प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या सभेत उभे राहून, ज्यांना विचारता येत नाही त्यांच्याही वतीने, विचारावेत.