पत्र लिहिणाऱ्याला वेळ हवा

अमेरिकेत पशुवैद्यकाला हृदयरोग, शस्त्रक्रिया किंवा नेत्ररोग अशा एखाद्या शाखेत तज्ज्ञ व्हायचं असेल, तर वाट बरीचशी ठरलेली आहे. चार वर्षांची पदवी, एक वर्षाची रोटेटिंग इंटर्नशिप, मग बहुतेक शाखांत तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि शेवटी बोर्डाची परीक्षा. रेसिडेन्सीच्या पुष्कळशा जागा 'मॅच'मधून भरतात: अर्जदार आपला पसंतीक्रम देतो, संस्था आपला देतात, दोन्ही याद्या संगणकावर जुळवल्या जातात आणि निकाल दोघांवरही बंधनकारक असतो. या निवडीची आगाऊ तयारी म्हणजे गुण, परिषदा, शोधनिबंध यांची भर घालत जाणं, असा विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण समज आहे. त्या गोष्टी लागतातच. पण खरी तयारी वेगळी आहे असं मला वाटतं. आपलं काम दुसऱ्या कुणाला पुरेसा काळ, जवळून पाहता येईल अशी सोय वेळेवर करणं, ही ती तयारी.

हे वेळापत्रकातच दिसतं. इंटर्नशिप जून-जुलैच्या सुमारास सुरू होते आणि पुढच्या वर्षीच्या रेसिडेन्सीचा अर्ज त्याच हिवाळ्यात भरावा लागतो. म्हणजे हाताशी जेमतेम सहा महिने, त्यातही दर काही आठवड्यांनी विभाग बदलणार. शिफारसपत्र देणाऱ्या तज्ज्ञानं उमेदवाराला कदाचित दोनच आठवडे पाहिलेलं असतं. एवढ्यात 'मेहनती आहे, मनमिळाऊ आहे' यापलीकडे तो काय लिहिणार? निवड करणाऱ्यांना मात्र तीन वर्षं रात्री-अपरात्री ज्याच्या हाती रुग्ण सोपवायचे, असा माणूस हवा असतो. समजा, गळून गेलेला एक कुत्रा रात्री दाखल झाला आहे. रक्तात पोटॅशियम वाढलेलं, सोडियम उतरलेलं, नाडी मंद. ॲडिसनच्या आजाराची शंका घेऊन, पोटॅशियममुळे हृदयाला असलेला धोका ओळखून इंटर्नने सलाईन सुरू केलं, कॉर्टिसोलची तपासणी पाठवली, मालकाला आजार आयुष्यभराचा आहे हे नीट समजावलं आणि महिन्याभरानं तो कुत्रा फेरतपासणीला आला तेव्हा जुने आकडे काढून ताडून पाहिले. पहिला भाग हुशारी दाखवतो, शेवटचा भाग वृत्ती. शेवटचा भाग पाहायला वरिष्ठ तिथे महिनाभरानंतरही असावा लागतो. म्हणून पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच एखाद्या विभागाशी सतत नातं ठेवणं, सुट्टीत तिथेच काम करणं, एखाद्या छोट्या अभ्यासातल्या नोंदी शेवटपर्यंत सांभाळणं याला मोल आहे.

इतक्या लवकर शाखा ठरवली तर बाकीच्या आवडींचं दार बंद होतं, असा आक्षेप येईल. मी शाखा ठरवायला सांगत नाही. मेडिसिनच्या तज्ज्ञाने दोन वर्षं पाहिलेला विद्यार्थी पुढे भूलशास्त्राकडे वळला, तरी ते पत्र कामाचंच राहतं, कारण त्यात विषयापेक्षा काम करण्याची पद्धत नोंदलेली असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पत्रासाठी वागणं म्हणजे देखावाच. दोन आठवडे देखावा टिकतो, हे खरंच आहे. दोन वर्षं तो टिकवणं कठीण, आणि नेमका म्हणूनच दीर्घ सहवासातला पुरावा अधिक विश्वासाचा.

तिसरा प्रश्न आपल्याकडच्या मुलांचा. परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निघालेल्याला अमेरिकेत सुट्ट्यांत जाऊन राहणं परवडत नाही. शिवाय तिथल्या परवान्यासाठी परदेशी पदवीधरांच्या वेगळ्या परीक्षा असतात, त्यांत वेळ आणि पैसा दोन्ही जातात. ही विषमता खरी आहे, नियोजनानं ती पुसली जात नाही. त्यातून आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश मुख्यतः प्रवेशपरीक्षेवर ठरत असल्यामुळे शिफारसपत्र हा उपचार मानला जातो आणि चार ओळींचं ठरावीक पत्र मिळतं. पण इथे तरी बदल आपल्या हातात आहे. एम.व्ही.एस्सी.ची दोन वर्षं एकाच मार्गदर्शकाजवळ जातात. एवढा सहवास अमेरिकेतल्या इंटर्नलाही सहसा मिळत नाही. त्या काळातल्या अवघड रुग्णांच्या नोंदी विद्यार्थ्यानं तारखेसह ठेवाव्यात, पत्र मागताना त्या सरांसमोर किंवा मॅडमसमोर ठेवाव्यात, आणि ही विनंती अर्जाच्या आठवड्यात न करता काही महिने आधी करावी, म्हणजे लिहिणाऱ्याला त्यातले दोन रुग्ण तरी आठवून तपशिलानं लिहिता येतील.