आपद्धर्माची मुदत

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माची चर्चा आहे. तीत विश्वामित्राची एक विलक्षण कथा येते. बारा वर्षांचे अवर्षण. भुकेने कासावीस झालेला हा ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत शिरतो आणि कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. घरधनी जागा होतो. मग जो वाद रंगतो त्यात धर्म सांगतो चांडाळ आणि पोटाची बाजू मांडतो ऋषी! त्याचे म्हणणे एवढेच, की आधी जगू द्या. जगलो तर धर्म आचरता येईल. शेवटी पाऊस पडतो आणि कथा सुटते. पण तो पडलाच नसता तर? रोजच संकट असेल, तर आपद्धर्म आणि नित्यधर्म यांतली रेघ कुठे ओढायची?

मालदीवची हकिकत वाचताना हा प्रश्न पाठ सोडत नाही. सुमारे बाराशे बेटांचा हा देश. त्याची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक मीटर उंच. ती जमीन तरी कशाची? मेलेल्या प्रवाळाच्या चुऱ्याची. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून टाकतो. लाटा ती वाळू उचलून प्रवाळखडकावर आणून घालतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत पुळण बेटाच्या एका अंगाला सरकते, ईशान्येचे वारे लागले की परत फिरते. बेट ही एक चाललेली घडामोड आहे. आपण सोयीसाठी तिला जमीन म्हणतो.

राजधानी माले वाढत्या वस्तीला पुरेना, तेव्हा भोवतालचा उथळ समुद्र बुजवून ती प्रवाळखडकाच्या कडेपर्यंत नेली गेली. लाटांचा जोर जिथे मोडत असे, तिथेच माणसाने घर बांधले. घरांना दगड हवा, तोही प्रवाळाचाच. खडक फोडून तो काढला गेला. एप्रिल १९८७ मध्ये दक्षिणेकडे फार दूर उठलेल्या वादळाच्या लाटा मालेवर आल्या आणि भराव घातलेली जमीन वाहून गेली. त्यानंतर जपानच्या मदतीने दक्षिणेला सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांचा बांध उभा राहिला आणि पुढच्या पंधराएक वर्षांत शहराला चोहोबाजूंनी भिंत आली.

या भिंतीला नावे ठेवणे सोपे आहे. मग २६ डिसेंबर २००४ उजाडला. त्सुनामीने मालदीवमध्ये शंभराच्या आसपास माणसे गेली, कित्येक बेटांवरची घरे जमीनदोस्त झाली. मालेतही पाणी शिरले, पण शहर तगले. त्यात भिंतीचा वाटा मोठा होता. त्या रात्री मालेत सुखरूप झोपलेल्या आईला प्रवाळाचे हक्क समजावून सांगण्याचे धाडस निदान मी करणार नाही.

अडचण त्यापुढे सुरू होते. भिंतीमुळे बेट वाचते म्हणजे काय वाचते? वाळूचे येणे-जाणे थांबते. बंदरासाठी घातलेला धक्का वाळू एका बाजूस अडवतो आणि दुसरी बाजू उपाशी राहते. तिकडे धूप लागली की तिथेही भिंत. (आपल्या कोकणातही धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या टोकापलीकडची वाडी हेच गाऱ्हाणे सांगते.) भरावासाठी तळ उपसला की गढूळ पाण्याचा गाळ जिवंत प्रवाळावर बसतो. १९९८ मध्ये समुद्र तापून उथळ पाण्यातले बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले होते. उरल्यासुरल्याची उभारी अशा गाळाने मारली जाते. म्हणजे ज्या कारागिराने बेट घडवले, त्याचाच हात आपण बेट राखण्यासाठी तोडतो. एकदा तोडल्यावर भिंत काढताही येत नाही. विश्वामित्राने तंगडी एकदाच उचलली. इथे रोजच्या जेवणाची ती सोय होऊन बसते.

कोणी म्हणेल, हा दोष त्या बेटकऱ्यांचा. मला ते पटत नाही. समुद्र तापवला, त्याची पातळी चढवली ती धूर ओकणाऱ्या मोठ्या देशांनी. त्यात मालदीवचा हिस्सा नगण्य. अवर्षण दुसऱ्याने आणायचे आणि भुकेल्याला आहारशास्त्र शिकवायचे, हा कुठला न्याय? मात्र भिंतीचा खर्च देणाऱ्याचेही पुण्य तपासून घ्यावे. अड्डू या दक्षिणेकडच्या प्रवाळबेटांना २०२० मध्ये युनेस्कोने राखीव जीवावरणाचा दर्जा दिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथे समुद्र बुजवून जमीन केली गेली, आणि त्यासाठी कर्ज भारताचे होते. आपणही या पंगतीत बसलेलो आहोत.

माझ्या मते आपद्धर्माला दोन अटी तरी हव्यात. संकट टळावे म्हणून आपण दुसरे काही करतो आहोत का, ही पहिली. आणि दुसरी, की ज्याच्या ताटातून उचलले त्याला विचारले का? इथे ते ताट आहे शेजारच्या बेटांचे, माशांवर जगणाऱ्या कोळ्यांचे आणि अजून न जन्मलेल्यांचे. राजधानीला भिंत मिळाली; दूरच्या छोट्या बेटांना तशी मिळणे कधीच परवडणारे नव्हते. त्सुनामीनंतर कंधोलुधूचे काही हजार लोक गाव कायमचे सोडून धुवाफारू या निर्मनुष्य बेटावर वसवले गेले. त्यांचे संकट तेच होते. मुदत मात्र लवकर भरली.

मालेजवळ १९९७ पासून समुद्र बुजवून हुळुमाले नावाचे नवे बेट उभारले गेले, सुमारे दोन मीटर उंच. देशातली पाचांतली दोन माणसे आता राजधानीच्या परिसरात राहतात. खुद्द मालेत पोरांना पाण्यात खेळायला पुळण आहे. तीही माणसाने वाळू आणून केलेली.