दुःखाचे सुंदर चित्र

ज्या दुःखाची समाजाला लाज वाटावयास हवी, ते सुंदर करून दाखविण्याचा अधिकार कलावंताला आहे काय? नीलिमा शेख यांच्या ‘व्हेन चंपा ग्रू अप’ (१९८४) या चित्रमालिकेपुढे हा जुना प्रश्न टोकदार होऊन उभा राहतो. १९४५ साली दिल्लीत जन्मलेल्या आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकलेल्या शेख यांनी कागदावर टेम्परा रंगांत ही बारा लहान चित्रे काढली. त्यांच्या माहितीतल्या एका मुलीची ही कहाणी आहे: खेळते बालपण, कोवळ्या वयातले लग्न, सासरचा जाच आणि अखेर हुंड्यापायी जळून मृत्यू.

या कहाणीसाठी त्यांनी लघुचित्रांच्या परंपरेचा आधार घेतला, ही गोष्ट विचार करावयास लावते. दरबारी लघुचित्रांत स्त्रीचे दुःख वारंवार येते. परंतु तेथे ती बहुधा नायिका असते. सज्जात प्रियकराची वाट पाहणाऱ्या विरहिणीची व्यथा रसिकाच्या आस्वादाचा विषय होते. शेख यांनी याच परंपरेतील कथनाची रीत, एकामागून एक प्रसंग मांडण्याची आणि घराचे अंतरंग उघडे करण्याची सोय, सासरच्या घराकडे वळविली. जी नजर विरहिणीवर रेंगाळण्यास सरावली होती, तिला आता तेथे घडणारा गुन्हा पाहावा लागतो.

लोकपरंपरेचा वारसाही असाच दुधारी आहे. सासुरवाशिणीचे दुःख भारतातील अनेक भाषांच्या लोकगीतांत आहे. मराठीत ते जात्यावरच्या ओव्यांत आणि भोंडल्याच्या गाण्यांत आढळते. या गीतांनी स्त्रीला बोलण्याची मुभा दिली. तथापि, गाणे संपले की लेक पुन्हा सासरीच जात असे. दुःख हलके करणारे गीत ते दुःख चालू ठेवण्यासही नकळत हातभार लावत नसेल काय?

सौंदर्यावरचा आक्षेपही हाच आहे: ते संतापाची धार बोथट करते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आणि हुंडाबळीविषयीचे ३०४-ब हे कलम १९८६ मध्ये दंडसंहितेत आले. स्त्रियांच्या चळवळी रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या काळात हातभर अंतरावरून पाहावे लागणारे नाजूक चित्र कोणाच्या कामाचे, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर ठरत नाही.

त्याचे उत्तर मालिकेच्या क्रमात सापडते. कायद्याच्या दृष्टीने अशी मुलगी मृत्यूपासून सुरू होते. तिचे पूर्वायुष्य पुराव्यापुरतेच उरते. येथे मात्र चंपा आधी खेळते, वाढते. रेषेचे लालित्य प्रथम तिच्या जगण्यावर खर्च झाले आहे, म्हणून पुढे काय नष्ट झाले याचे माप पाहणाऱ्याच्या हाती येते. सौंदर्य येथे हानीचे प्रमाण ठरते.

तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. ज्वाळांचे चित्रही हातच्या कसबानेच रंगवावे लागते आणि ते पाहताना डोळा सुखावण्याची शक्यता उरतेच. त्या सुखाची जबाबदारी चित्रकर्तीला एकटीला पेलता येणारी नाही. तिचा निम्मा भार पाहणाऱ्याने उचलावयाचा आहे. चित्रापासून दूर झाल्यावर त्याला केवळ रंगच आठवत असतील, तर चंपा दुसऱ्यांदा नायिकाच झाली, असे म्हणावे लागेल.