‘नोबिस’ म्हणजे कोण?



मिस्सामध्ये लॅटिन गीत झाले की कोणीतरी विचारतेच, “फादर, वैरागात लॅटिन कशाला? आपली मराठी काय कमी आहे?” प्रश्न रास्त आहे. फादर थॉमस स्टीफन्स वेदीवर लॅटिनमध्ये मिस्सा करत, पण लोकांना ख्रिस्तचरित्र सांगायला त्यांनी ओवीच निवडली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले.

तरी परके शब्द आपण दर रविवारी म्हणतोच. ‘आमेन’, ‘आलेलुया’, ‘होसान्ना’ हे हिब्रू. ‘किरिये एलेइसोन’ पुष्कळांना लॅटिन वाटते. ते ग्रीक आहे आणि रोमनेही ते तसेच ठेवले. ‘होसान्ना’चा मूळ अर्थ ‘आम्हांला तार’. आर्जवाचा पुढे जयघोष झाला. ‘आमेन’ तर आपल्या आजीलाही परका वाटला नाही, कारण आपण कशाला होकार देतो हे तिला ठाऊक होते.

आता ‘आग्नुस देई’ घ्या. आग्नुस म्हणजे कोकरू, देई म्हणजे देवाचे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूकडे बोट दाखवून हेच म्हटले (योहान १:२९). सातव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले सेर्जियस यांनी हे गीत भाकर मोडण्याच्या वेळी म्हणायला लावले. त्यात आपण दोनदा ‘मिसेरेरे नोबिस’ म्हणतो, आम्हांवर दया कर. तिसऱ्यांदा ‘दोना नोबिस पाचेम’, आम्हांला शांती दे. पूर्वीच्या मृतांसाठीच्या मिस्सात इथेच ‘एईस’ येई : त्यांना विश्रांती दे. गोव्यात क्रुसापाशी लदीन होते, तिथेही लॅटिन न शिकलेले गावकरी तोंडपाठ म्हणतात, ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर.

शाळेत ‘स-ला-ना-ते’ घोकलेल्यांना सांगतो, दया आणि शांती मागताना येणारे ‘नोबिस’ ही चतुर्थी, अनेकवचन. ‘मला’ म्हणायचे असते तर ‘मिही’ असते. म्हणजे ही दया एकट्यासाठी मागता येत नाही. बांधावरून ज्याच्याशी बोलणे बंद आहे तो भाऊ मागच्या बाकावर बसलेला असतो. ‘नोबिस’मध्ये तोही आला. आणि हे आपण ख्रिस्तप्रसादासाठी उठण्याच्या जरा आधी म्हणतो. अर्थ न कळता गायले, तर तोंडाने त्याच्यासाठी शांती मागायची आणि दारात त्याला टाळून जायचे, हे सहज जमते. कळल्यावर अवघड जाते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडले, पण भाविकांना आपले भाग लॅटिनमध्येही एकत्र म्हणता यावेत, असेही सांगितले. संत पौलाला गाणे आत्म्याने हवे आणि बुद्धीनेही (१ करिंथ १४:१५).

म्हणून गायकवृंदाला विनंती : लॅटिन गीताआधी एकाने त्याचा मराठी अर्थ मोठ्याने वाचावा. घाई करू नये. मी वेदीवर थांबेन. भाविकांची उत्तरे आणि प्रतिसाद-स्तोत्र मराठीतच राहील. ज्यांना ‘आग्नुस देई’ शिकायचे आहे, त्यांनी मिस्सानंतर पेटीपाशी थांबावे. सूर सोपा आहे.

तुमचा,
धर्मगुरू