शेजाऱ्याचें पाहून

शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या वाचकांस जनावराचें मोल सांगावयास नको. बैल गेला तर पेरणी खोळंबते. शेळी गेली तर लेकराचें दूध व अडीनडीचा पैसा जातो. असें असतां लस टोंचणारा दारीं आला म्हणजे पुष्कळ लोक रोगाविषयीं कांहीं विचारीत नाहींत, “शेजाऱ्यानें टोंचून घेतलें काय?” इतकेंच विचारतात. दुसऱ्याचें पाहून वागणें हा दुबळेपणा आहे काय, ह्याचा आज आम्ही विचार करूं.

सन २०२२ मध्यें लंपी त्वचारोगाची साथ आली, तेव्हां महाराष्ट्रांतील पहिलीं जनावरें आपल्याच खानदेशांत, जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांत, ऑगस्ट महिन्यांत आजारी आढळलीं. हा रोग माशा, डास व गोचीड ह्यांच्या योगें पसरतो. सरकारनें गाईबैलांस शेळ्यांच्या देवीची लस फुकट टोंचविली व गुरांचे बाजार बंद ठेविले. त्याच वेळीं, दुधावाटे हा रोग माणसांस होतो, अशी अफवा उठली. ती खोटी होती. तरी लस आणि अफवा ह्या दोन्ही एकाच वाटेनें, म्हणजे ओळखीच्या माणसाच्या तोंडून, घरोघरीं शिरल्या.

धुळें जिल्ह्यांतील ठेलारी मेंढपाळांचें उदाहरण घ्या. पावसाळा सरला कीं ते वाड्यानें निघतात, आणि आज ह्या शिवारांत तर उद्यां त्या शिवारांत मेंढ्या बसवितात. दवाखाना एका जागीं, कळप दुसऱ्या जागीं. वाटेंत भेटलेल्या अनोळखी मनुष्यापेक्षां वाड्यांतील वडिलांचा शब्द त्यांस जड वाटावा, हें साहजिकच आहे. “टोंचल्यास गाभण मेंढी गाभ टाकील,” असें वडील म्हणाले कीं सारा वाडा मागें सरतो. हें भय केवळ अडाणीपणाचें नव्हे. लस दिल्यावर एखाद्या जनावरास ताप येतो, दोन दिवस दूध उणें होतें. हें अगोदर कोणी सांगितलें नाहीं, तर त्याच तापाची पुढें भीतिदायक गोष्ट बनते.

तेव्हां अनुकरण हें स्वतः पाप नव्हे व पुण्यही नव्हे. कोणाचें पाहावें, आणि आपलें कोण पाहत आहे, हा खरा प्रश्न होय.

कोणी म्हणतील, “जनावर माझें, मर्जी माझी.” हें अर्धेंच खरें आहे. पीपीआर हा शेळ्यामेंढ्यांचा रोग श्वासावाटे व एकत्र चरण्यापिण्यानें पसरतो. त्यास मारणारें औषध नाहीं. एकदां दिलेली लस मात्र निदान तीन वर्षें रक्षण करिते. ज्या डोहावर माझा कळप पाणी पितो, तेथेंच शेजाऱ्याचाही पितो. दुसरे म्हणतील, “सर्वांनीं टोंचून घेतलें आहे, मग माझ्या चार शेळ्यांनीं काय होणार?” परंतु प्रत्येकानें असेंच म्हटलें तर लस कोणाच्याच कळपास मिळणार नाहीं. बुळकांडीचा रोग सन २०११ मध्यें जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, तें असंख्य साध्या गुराख्यांनीं आपलीं गुरें पुढें आणिलीं म्हणूनच.

तर मग नाहीं म्हणणाऱ्यास वाळींत टाकावें काय? मुळींच नाहीं. लाजविलेला मनुष्य आजारी जनावर लपवितो, आणि लपविलेल्या रोगासारखा घातकी रोग दुसरा नाहीं.

ह्यास्तव ज्याचें चार लोक ऐकतात, त्यानें आपली शेळी प्रथम पुढें आणावी. तिला ताप आला तर तोही लोकांस दाखवावा, आणि उतरला तेंही दाखवावें. असें उघडें वागणें शेजाऱ्याच्या डोळ्यांस दिसतें, आणि तो आपल्या बुद्धीनें निर्णय करूं शकतो.