हवाबंद

परसातल्या वेलीला घरातल्या ताटांची गणती कळत नाही. देत नाही तेव्हा ती मुळीच देत नाही, आणि देऊ लागली की सकाळी तोडलेल्या शेंगांच्या जागी संध्याकाळी दुसऱ्या लोंबताना दिसतात. शेजारी पहिल्या आठवड्यात कौतुकाने घेतात, पुढे कडी वाजली की आतल्या खोलीत नाहीसे होतात. या अतिरेकाची आणि पुढच्या रित्या महिन्यांची सांगड घालणे हा माणसाच्या प्राचीनतम उद्योगांपैकी एक. आपल्याकडे तो बहुतांशी उन्हावर सोपवलेला: वैशाखात गच्चीवर पसरलेली गवार, ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या, कोहळ्याचे सांडगे, आंबोशी, कोकणातली आगोटची लगबग. जिथे पीक हाती येते न येते तोच हिव पडते, तिथल्या माणसाने मात्र कालांतराने विस्तव आणि काच यांचा आश्रय घेतला.

हा मार्ग दाखवणारा निकोला आपेर पॅरिसमधला मिठाईवाला होता. जाड काचेच्या बाटल्यांत वाटाणे भरायचे, बूच तारेने आवळायचे आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, एवढीच त्याची विद्या. पण त्या काळी फ्रान्सच्या सैन्याची आणि आरमाराची भूक मोठी होती. 1810 साली सरकारने त्याला 12,000 फ्रँक दिले, अट एकच, की कृती छापून सर्वांना खुली करावी. त्याने ती केली. अन्न का टिकते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. पाश्चरचे सूक्ष्मजीव अजून अर्धशतक दूर होते. कारण अज्ञात असताना कार्य अचूक साधणारी ही हाताची बुद्धी मला नेहमी विस्मयात टाकते. ज्ञानाला पुष्कळदा आपल्याआधीच कोणीतरी तिथे राबून गेल्याच्या खुणा सापडतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे हा विधी मी जवळून पाहिला आहे. फरसबीचे तुकडे बरणीत भरून वर उकळते पाणी, तोंडाशी इंचभर मोकळी जागा, कडेने पातळ पट्टी फिरवून बुडबुडे काढणे, आणि मग बरणीची कड ओल्या फडक्याने अशा एकाग्रतेने पुसणे, की जणू पूजेचे उपकरणच. कारण त्या कडेवर शेंगेचा एक दोरा राहिला तरी झाकण बसत नाही. पुढे भल्यामोठ्या दाबपात्रात बरण्या, 10 मिनिटे नुसती वाफ जाऊ द्यायची, मग 10 पौंड दाबाचे वजन, आणि पाइंटभर बरणीला 20 मिनिटे. निवताना झाकण आत ओढले जाते आणि टक् असा आवाज होतो. गप्पांच्या ओघातही ती ते टक् मनात मोजत असते.

एवढा दाब कशासाठी? मातीत बॉट्युलिनम नावाचा एक जंतू असतो; त्याचे बीजाणू तासन्‌तास उकळूनही मरत नाहीत, त्यासाठी सुमारे 116 अंशांची वाफ लागते, आणि ती दाबाविना मिळत नाही. हवेत हा जंतू वाढत नाही. आपण सारे जग बाहेर ठेवून झाकण घट्ट लावतो, तेव्हा त्याला हवा तसा एकांत मिळतो, आणि त्याचे विष कित्येकदा वासानेही कळत नाही. आंबट पदार्थात त्याचे काही चालत नाही, म्हणून फळे साध्या उकळत्या पाण्यात सुखरूप राहतात. टोमॅटो सीमेवरचा, त्याला लिंबाचा रस घालावा लागतो. फरसबीसारखी सौम्य भाजी मात्र कसलीच चूक खपवून घेत नाही. सौम्य माणसांविषयीही असे म्हणता येईल का, या विचाराशी मी बराच वेळ घुटमळलो.

आपली लोणच्याची बरणी या हवाबंद बरणीच्या अगदी उलट. चिनी मातीच्या तोंडावर दादरा बांधला की आत हवेचा झिरपा राहतो. मीठ, तेल, मोहरी आत पहारा देतात आणि काळाला आत येऊन काम करायची मुभा असते. लोणचे मुरते ते त्याच्या येण्यानेच. माझा कल अर्थातच मुरण्याकडे. पण मुरलेली कैरी पुन्हा कैरी राहत नाही, आणि भर जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, फरसबी फरसबीच म्हणून ताटात यावी ही आकांक्षाही क्षुद्र नव्हे. ती पुरती साधत नाही, हे खरे. हिरवा रंग मावळून शेवाळी होतो, शेंग मऊ पडते. 1865 साली मिसुरी नदीत बुडालेल्या बर्ट्रांड या आगबोटीतले खाद्यपदार्थांचे डबे शतकानंतर वर काढले गेले. 1974 साली रसायनज्ञांनी तपासले तेव्हा त्यांत जंतूंची वाढ नव्हती, पण ताजेपणाचा गंध गेला होता आणि ‘क’ जीवनसत्त्वही बरेचसे गेलेले होते. बंद दाराआडही काहीतरी निसटतच राहते; फक्त ते सडण्याच्या मार्गाने जात नाही.

माझ्या बहिणीला शतकाची हौस नाही. झाकणावर ती साल लिहिते, आणि नव्या वेलीला फुले दिसू लागली की उरलेल्या जुन्या बरण्या काढते. उघडल्यावर शेंगा आधी 10 मिनिटे खळखळून उकळते. एवढ्या सोपस्कारानंतरही तिचा त्या झाकणावर पुरता विश्वास नाही. मग मोहरी-हिंगाची फोडणी आणि वर ओले खोबरे. ताज्या शेंगांसारखीच लागते, असे तिचे म्हणणे. मला तरी त्या दिवशी मुख्यतः खोबरेच लागले.