जरा थांबा!

माणसाचा संयम पूर्वी संकटात कळायचा. आता तो किराणा दुकानात कळतो.

परवा तळोद्याच्या बाजारात पाव किलो शेंगदाणे घेतले, दुकानातल्या त्या काळ्यापांढऱ्या चौकटीपुढे मोबाइल धरला आणि चाळीस रुपयांचा आकडा टाकला. पडद्यावर एक चकरी फिरू लागली. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं, चकरी आपली फिरतेच आहे! हळूहळू माझंही डोकं फिरू लागलं. उभा जन्म मुलांना 'धीर धरा' असं शिकवलेला मी मास्तर; चाळीस रुपयांपायी विज्ञान, शेंगदाणे आणि पुतण्या (हा मोबाइल त्यानंच माझ्या गळ्यात मारला) अशा तिघांचा उद्धार करून मोकळा झालो.

शेजारी एक म्हातारबाबा आमचुराच्या गोणीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, पैसा कुठं पळतो का? जाईल की!"

बाबांचं गाव अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी. गेल्या साली व्यापाऱ्यानं आमचुराचे पैसे खात्यात टाकले. ते पोचले की नाही, हे बघायला पाड्यामागची टेकडी चढावी लागते. वर एक दगड आहे. त्या दगडावर उभं राहिलं की पलीकडच्या गुजरातची रेंज मिळते. निरोप चौथ्या दिवशी आला.

"मग चार दिवस काय केलंत?"

"काय करणार? कैऱ्या कापल्या."

घरी येऊन ही हकीकत पुतण्याला सांगितली. तो म्हणाला, "काका, तिकडे कॅनडात एवढा मोठा ओंटारिओ सरोवर, पण 2019 साली त्याच्या तळाशी काचतंतूची केबल टाकली. टोरांटोहून थेट बफेलोकडे! पन्नासहून अधिक किलोमीटर पाण्याखालून." मी विचारलं, "आधी तिथे तारा नव्हत्या?" "होत्या की, पण त्या तळ्याला वळसा घालून जात. शेअरबाजारातल्या लोकांना तेवढा उशीर परवडत नाही." "केवढा उशीर?" "सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात तो."

मी गप्प झालो. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, आणि त्याला वळसा नको म्हणून सरोवराचा तळ गाठतात! 1858 साली अटलांटिक महासागराखालून पहिली तार गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या 98 शब्दांना पलीकडे पोचायला सुमारे 16 तास लागले होते. आणि तरीही लोकांनी आतषबाजी केली. आज राणीला कोणी 16 तास थांबवून दाखवावं!

म्हणजे प्रश्न तारेचा नाही. कोणाचा किती उशीर चालतो, याचा आहे. कोणाचा हजारावा क्षण महाग, माझं मिनिट मध्यम, आणि बाबांचे चार दिवस फुकट! हा भाव कोणी ठरवला?

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, व्यवहार बघा. डोंगरात विखुरलेले चार पाडे. त्यांच्यासाठी पाण्याखालून केबल कशी टाकायची? शिवाय धरणाचं पाणी वर्षभर चढतं-उतरतं, काठ ढासळतात, तळाशी गाळ असतो. कबूल आहे. केबलच हवी असा माझा हट्ट नाही. मनोरा उभारा, आणखी काही करा.

पण एक फरक आहे. ओंटारिओ सरोवर हिमनद्यांनी कोरला. त्याबद्दल भांडायचं तर देवाशी. आमचं तळं माणसांनी केलंय. सरदार सरोवर! पूर्ण भरलं की दोनशे किलोमीटरहून लांब. 1993 साली मणिबेलीत पाणी शिरलं, आणि 2019 साली सरोवर पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं. बुडालेल्या गावांतली पुष्कळ माणसं आमच्या तळोदा तालुक्यात वसली, काही मात्र तिथेच वरच्या अंगाला सरकली. जिथे चालत जायचे तिथे आता होडीनं जातात. देवानं घातलेलं अंतर सांधणं हे पुण्य असेल. पण आपण घातलेलं अंतर सांधणं हे देणं आहे. पुण्य सवडीनं करावं. देण्याला तारीख असते.

तसा आमचा जिल्हा मागासलेला म्हणायची सोय नाही हं! देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 साली आमच्याच टेंभलीत दिलं. नंबर आम्हाला सगळ्यांच्या आधी लागला. आता तो नंबर ओळखणारी रेंज तेवढी दगडावरून खाली उतरायची आहे.

पुढच्या बाजारी बाबा पुन्हा भेटले. मी विचारलं, "बाबा, घरात रेंज आली तर काय कराल?"

ते थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "तुमच्यासारखा ओरडेन!"

मी हसलो खरा. पण त्यांनी मागितलं ते काही कमी नव्हतं. ओरडायला आधी मिनिटात काम होण्याची सवय लागते. ती सवय त्यांना लागू दे. मग दोघं मिळून पुतण्याचा उद्धार करू.